जाळीतून घातलेली बोटं

फिनेलचा वास आला की लालबागच्या खोलीतली ती वैतागाची रात्र आठवते. दुबईला नोकरीला जाताना बहिणीने तिचा चिमुकला कुत्रा, त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यासकट, आमच्या गळ्यात मारला होता. दिवसभर शहाण्यासारखा वागणारा तो प्राणी रात्री पिंजऱ्याचं दार लावलं की थरथरायचा, केकाटायचा आणि आतच मुतायचा. शेजारच्या काकांनी बजावलंच होतं, "आज ओरडला, तर उद्या त्याला चाळीबाहेर काढा." त्या रात्री पुन्हा फरशी पुसताना मी रडकुंडीला आले आणि त्याच्यावर खेकसले, "झोप ना रे बाबा एकदाचा!" तशी इतके दिवस कुत्र्याला शिवायलाही तयार नसलेली आई अंथरुणातून उठली. "त्येच्यार कित्याक आरडतंस? घर सोडून इलेला पोर ता," असं म्हणत ती पिंजऱ्याशेजारी जमिनीवर आडवी झाली आणि तिने जाळीतून बोटं आत घातली. त्याने ती हुंगली, चाटली, एक लांब उसासा टाकला आणि गप्प झाला. मी हुश्श करत दिवा मालवला, तर आई घोरायला लागली! आता बहीण कायमची परत आली आहे, पण ती कुत्रा न्यायचा विषय काढते तेव्हा आईला नेमकं ऐकू येत नाही.