घ्यायला कोण येणार?

उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी सेठच्या विमान तिकिटांच्या दुकानात मी अठरा वर्षं काढली. बदलापूरला बेलवलीत घर, रोज तिथून जायचं आणि लोकांना लंडनला पाठवायचं. स्वतः विमानात कधी बसलो नव्हतो, पण लंडनचे विमानतळ मला तोंडपाठ होते. गिऱ्हाइकांना वाटायचं, लंडन म्हणजे लंडन, उतरा कुठेही. मग मी चष्मा कपाळावर चढवून विचारायचो, “लेने कौन आएगा?”

या एका प्रश्नावर माझं सगळं शास्त्र उभं होतं. जो घ्यायला येणार, त्याच्या घराजवळचा विमानतळ सोयीचा. मुलगा पश्चिमेला राहत असेल तर हिथ्रो, दक्षिणेला असेल तर गॅटविक. म्हाताऱ्या बायका हा प्रश्न ऐकून खुलायच्या. “बेटा आएगा, बहू आएगी, पोता भी आएगा!” सेठ वैतागायचा, “साईं, टिकट काटो, खानदान मत पूछो.” मी ऐकायचो नाही. या बाबतीत मी जरा आगाऊच होतो. एखादा म्हणायचा, “कोई नहीं.” त्याला मी सरळ जाणाऱ्या विमानाचं तिकीट काढून द्यायचो आणि तो जिना उतरला की मला त्याची कीव यायची. त्या किवेची आता लाज वाटते.

माझा एकुलता एक मुलगा अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता, तिथून तो लंडनला गेला. तेव्हा तिकिटं हाताने लिहायची, त्याचं तिकीट मीच लिहिलं. लाल कार्बनने बोटं माखली होती. दोन वर्षांनी त्याची आई गेली. तो आला, तेरा दिवस राहिला आणि परतला. मग घरात मी आणि रेडिओ. एका माणसापुरता भात लावायला मला कधी जमलंच नाही. रोज उरायचा, सकाळी तोच फोडणीला टाकून डब्यात न्यायचो. कितीतरी महिने सेठने तो डबा पाहिला आणि एक दिवस म्हणाला, “बेटे के पास हो आओ, साईं. टिकट मेरी तरफ से.”

दुकानातूनच मी मुलाला फोन लावला. “हिथ्रो की गॅटविक?”

“बाबा, तुम्हाला सोयीचं असेल ते बघा.”

घ्यायला कोण येणार, हे काही मला विचारवेना. आपल्याच पोराला काय विचारायचं, असा ताठा होता. खरं सांगायचं तर भीती होती.

हिथ्रोला मुंबईहून सरळ विमान होतं. गॅटविकसाठी आखातात उतरून सहा तास बसायचं होतं. मी गॅटविक घेतलं, कारण दुकानातल्या नकाशावर मुलाचं घर तिथून बोटाच्या पेराएवढं लांब होतं. उतरायला शनिवारची सकाळ निवडली, म्हणजे त्याला रजाही काढायला नको. सेठ म्हणाला, “सीधा छोड़के उल्टा क्यों जाते हो?”

“बेटे को नजदीक पड़ेगा,” मी म्हटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांकडून ऐकलेलं वाक्य माझ्या तोंडी आलं, आणि मी खूश होतो.

आखातात सहा तास मी मेतकुटाची पिशवी मांडीवर धरून बसलो. गॅटविकला बाहेर आलो तर कठड्यापलीकडे माणसंच माणसं. माझ्या शेजारच्या सीटवरची म्हातारी मुलाच्या गळ्यात पडून रडत होती. मी एकेक चेहरा बघत शेवटपर्यंत गेलो आणि परत पहिल्यापासून बघत आलो. तेव्हा माझ्या नावाची पाटी दिसली. ती एका सरदारजींच्या हातात होती.

“बेटे ने टॅक्सी भेजी है, अंकलजी,” असं म्हणून त्यांनी माझी बॅग उचलली.

वीस मिनिटांत घर आलं. मी घड्याळात पाहिलं होतं. मुलाने दार उघडलं. अंगात झोपायचे कपडे, हातात चहाचा मग.

“अरे वा, बाबा! एवढ्यात पोचलात पण?”

तो मनापासून आनंदला होता. पाया पडला, बॅग वर नेली, माझ्यासाठी चहा टाकला. पुढे महिनाभर त्याने माझं सगळं नीट केलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दारात मला फार एकटं वाटलं, आणि ते मी त्याला कधीच सांगितलं नाही.

परत आल्यावर दुकानात सगळ्यांना चॉकलेटं वाटली. सेठने कागद सोडवता सोडवता विचारलं, “फिर, साईं? एअरपोर्ट नजदीक था?”

“बहुत नजदीक था, सेठ. बीस मिनट.”

तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांना लंडनचं तिकीट हवं होतं. मी तिकिटांचं पुस्तक पुढे ओढलं. आता मी काय विचारणार हे सेठला पाठ होतं, तो हसून माझ्याकडे बघत थांबला. मी बाईंना फक्त तारीख विचारली.