झबल्यातला तो

भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी नागपूरला बी.एस्सी.ला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच. त्या वर्षी सरांनी विषाणू शिकवला. देवीचा विषाणू विटेच्या आकाराचा. बाहेर प्रथिनांचं कवच, आत आपल्यासारखेच आणखी घडवण्याचा हुकूम असलेला धागा. शरीराबाहेर तो खात नाही, वाढत नाही. खपलीत, कापडात नुसता थांबतो. हे नीट समजावल्याबद्दल सरांचे उपकार मी अजून मानतो.

सुट्टीत घरी आलो, तर ताई बाळंतीण होऊन आठच दिवस झाले होते. आमच्यात नव्या बाळाला आधी घरातल्याच मुलाचं जुनं झबलं घालतात. आईनं पत्र्याची पेटी उघडली आणि माझ्या धाकट्या भावाचं, वर्षाच्या बापूचं, झबलं काढलं. तो त्याच हिवाळ्यात देवी येऊन वारला होता, त्याच झबल्यात. आईनं ते धुतलं नव्हतं. बाहीला खपल्या चिकटलेल्या होत्या.

"आई, घालू नको! त्यात तो हाये."

"कोन?"

"तो. मेला नाही. कवचात थांबून हाये. अंग भेटलं का जागा होते."

ताई म्हणाली, "शिकून शिकून भुताचं बोलून राहिला हा!"

आई हसली नाही. वण पडलेल्या बोटांनी तिनं झबलं मांडीवर पसरलं. "मले वाटतच होतं. पेटीजवळ निजली का समजे मले. मंग येऊ दे ना त्याले बाळाच्या अंगात."



"आई, तो म्हंजे रोग. आपला बापू नाही."

"दोघंई त्यातच हाये ना?"

"उकळलं तर कवच मोडते," एवढंच म्हणालो. "नाही तर बाळाले देवी येईन."

आईनं बाळाकडे बघितलं. मग उठून तिनंच चुलीवर पाणी ठेवलं.

उकळत्या पाण्यात झबलं हवेनं फुगून वर आलं. छाती भरली, दोन्ही बाह्या उभ्या राहिल्या. माझ्या हातातली काठी थांबली. आईनं ती घेतली आणि झबलं खाली दाबून धरलं. बुडबुडे येत राहिले.

"गेला?" तिनं विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिनं ताईच्या बाळाला बाबांच्या जुन्या धोतराचं झबलं शिवलं.