वरच्या खोलीतला ठोका

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. विषय निघाला की मी चहा मागवायचो. आता लिहून टाकतो.

सोलापुरात माझा टॉवेलचा लहानसा कारखाना होता. खाली माग, वर एक खोली. त्या खोलीत माझा सर्वांत जुना विणकर, तोच कारखान्याचा मुकादम, आणि त्याची बायको राहायचे. एका सकाळी माग चालवता चालवता तो खाली बसला, तो उठलाच नाही. लकवा. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सरकारी दवाखान्यातून आणल्यावर चौघांनी त्याला अरुंद लोखंडी जिन्यावरून वर चढवलं.

काही दिवसांनी वरून ठोका आला. फरशीवर वाटी आपटल्यासारखा. मागांच्या खडखडाटात तो आम्हाला ऐकू कसा आला, हे मला आजही सांगता येत नाही. पाहिलं, तर एका मागावर धागा तुटलेला. पुन्हा ठोका, पुन्हा तुटलेला धागा.

कामगार आधी हसले. "मुकादम वर गेला, तरी ड्यूटी सोडत न्हाय की!" मग हसणं बंद झालं. ठोका पडला की वर न बघता ते मागाकडे धावायचे. कारखान्यात एकटं थांबायला कुणी तयार होईना.

मी मात्र खूश होतो. खराब म्हणून परत येणारे टॉवेल कमी झाले होते. एका व्यापाऱ्याला गंमत दाखवायची म्हणून मी एकदा कात्रीने मुद्दाम धागा कापला. आम्ही वर बघत उभे राहिलो. ठोका आला. व्यापाऱ्याच्या हातातला चहा सांडला. मी दुसरा धागा कापला.

त्याच आठवड्यात विणकराची बायको खाली आली. ती विड्या वळून घर चालवत होती.

"शेठ, खाली मागल्या अंगाची खोली द्या की. डाक्टर म्हनत्यात, आत्ताच चालवलं तर चालतील. रोज जिना उतरवायला मानसं कुटनं आनू? माजं विड्याचं काम बुडतंय."

"तिथं माल आहे, अक्का. दिवाळी झाली की बघू."

"दिवाळीपर्यंत पाय थांबंल व्हय, शेठ?"

खोली रिकामी होती. तो मागच्या अंगाला गेला तर ठोका येणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

नंतर एकदा मी वर गेलो. तो फरशीला कान लावून पडला होता. डाव्या मुठीत वाटी. डोळे उघडे, पण माझ्याकडे नव्हते. उजवा पाय आखडून लाकडासारखा झालेला.

"माग चालू असले की घास घेत न्हाईत," ती म्हणाली. मी लगेच खाली उतरलो.

दिवाळीनंतर ती त्याला घेऊन कुंभारीला बहिणीकडे गेली. खोलीला मी कुलूप घातलं. दोन दिवसांनी वरून ठोका आला. सगळे मागांकडे धावले. एकही धागा तुटलेला नव्हता. त्यानंतर तो येतच राहिला. पुढच्या वर्षी मी माग विकले.

मग मलाही लकवा झाला, तोही उजव्या अंगालाच. मुलाने गाडीत घालून लगेच मोठ्या दवाखान्यात नेलं. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज घरी यायची. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. मी चालू लागलो. "काका, वेळेत सुरुवात केली ना, म्हणून," ती कौतुकाने म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

काठी टेकत मी कुंभारीला गेलो. त्याची बायको दारात विड्या वळत होती. आत तो भिंतीला कान लावून बसला होता. आसपास कुठेही माग नव्हता.

"शेठ, तुमी चालताय की! लई बरं झालं. कोनता डाक्टर केला?"

मी तोंड उघडलं. आतून ठोका पडला आणि माझं वाक्य तुटलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा ठोका. हात न थांबवता ती म्हणाली, "तिकडं ध्यान देऊ नका. हितं काय नसताना बी वाजवत्यात."

शेवटी "देवाची कृपा" एवढंच म्हणून मी उठलो. पुन्हा जायचा धीर झाला नाही. तो गेल्याचं मला फार उशिरा कळलं. त्या दारात मला म्हणायचं होतं ते असं: अक्का, खोली रिकामी होती. मला त्याचा ठोका हवा होता, म्हणून मी ती दिली नाही. तुझा नवरा चालला असता. मला माफ कर.