गोदाक्कांचं मुडपलेलं बोट

आमच्या चौसाळ्यात बायका खळ्यावर अनवाणी जायच्या. माझ्या थोरल्या जाऊबाई गोदाक्का मात्र पुढून बंद असलेले आखूड जोडे घालून जात. घरात जोडे निघाले की पाय लुगड्याच्या घोळात ओढून बसत. मी तेव्हा नवी सून. एकदा सहज माझी नजर खाली गेली, तर म्हणाल्या, "वर बघ की. बाईचं तोंड दिसलं तर चालंल, पाय दिसू न्हाई."

खुलासा त्यांनीच केला, दळताना, जात्याच्या घरघरीआड. आमच्याकडे असा समज की जिच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, ती नवऱ्यावर हुकूम चालवते. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मुलगी बघायला गेल्या की आधी लुगड्याचा काठ उचलून पाय तपासत. माझं बोट देवानं बेतानं दिलं होतं. गोदाक्कांचं चांगलंच पुढे आलेलं. त्यांच्या आईनं कानात सांगितलं, "बोट मुडप अन् गुमान उभी ऱ्हा." त्या तशा उभ्या राहिल्या, पसंत पडल्या, आणि पुढे ते बोट सरळ करायची छातीच झाली नाही.

"सांगून टाका की आता," मी म्हणाले.

"येडी का गं तू? फसवून आली म्हणून माहेरी धाडतील."

ऐन सुगीत बोटावरची भोवरी चिघळली. पाय टेकवेना. थोरल्या भाऊजींनी नेकनूरच्या हकीमसाहेबांना आणलं. तहसीलचे अंमलदारसुद्धा त्यांच्याकडे औषधाला जात, तेव्हा परक्या पुरुषाला पाय दाखवायला आत्याबाईंनीही हरकत घेतली नाही. गोदाक्का पाय पुढे करीनात. मला जवळ ओढून कुजबुजल्या, "पाय तोडा म्हणावं, पण बोट वढू नका."

हकीमसाहेबांनी बोट हळूच चिमटीत धरून सरळ केलं. ते अंगठ्याच्या पुढे गेलं. ओसरीवरची सगळी माणसं पुढे वाकली.

"बोट लंबं, जोडा आखूड. मुडपणार न्हाई तर काय करंल बिचारं?" हकीमसाहेब खुशीत होते. "अजून हातानं सरळ होतंय, हे नशीब. आखडलं असतं तर बीडच्या दवाखान्यात चाकूच लागला असता. आता मोकळी वहाण घाला. जखम भरली की रोज तेल लावून हलक्या हातानं वढा."

"अगं बया!" आत्याबाई ओरडल्या. "म्हंजी इतकी वर्सं माझ्या लेकावर हिचा हुकूम?"

भाऊजी पान चघळत शांतपणे म्हणाले, "आई, तुझ्या हुकमातनं काही उरलं तर तिचा चालंल ना!"

आम्हा सगळ्यांचे डोळे आत्याबाईंच्या पायाकडे वळले. बोट अंगठ्याहून चांगलं आखूड होतं. आणि आमच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय चूलसुद्धा पेटत नसे. आत्याबाईंनीही एकदा खाली पाहिलं आणि पाय लुगड्यात ओढून घेतले.

"तेल आण गं," त्या मला म्हणाल्या. "बोट मी वढीन. तुमच्या हातानं व्हायचं न्हाई." जखम भरल्यावर त्यांनी ते रोज ओढलं, शिव्या देत, पण हलक्या हातानं. मला तर तेव्हा आत्याबाईंबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

पुढे गोदाक्का स्वतः सासू व्हायच्या झाल्या. लेकासाठी मुलगी बघायला आम्ही लिंबागणेशला गेलो. रिवाजाप्रमाणे तिच्या आईनं लेकीच्या लुगड्याचा काठ वर केला. गोदाक्का गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "सरळ कर बाई बोट. नंतर लई दुखतंय."