ठ कुणाचा?

आधीच सांगते, भुतंखेतं, करणी, नजर लागणं, यातलं मी काही म्हणजे काही मानत नाही. मी बालवाडीत शिकवते. पोरांच्या दंडाला ताईत बांधून आणणाऱ्या आयांशी भांडणारी बाई म्हणजे मीच! त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. आम्ही छावणीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. नवरा वाळूजला कंपनीत, शिफ्टमध्ये. मी लोकांच्या पोरांना बडबडगीतं शिकवायचे आणि माझी मनू तीन वर्षं उलटून गेली तरी एक शब्द बोलत नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! बोट धरून ओढायची, हवं ते दाखवायची, पण ‘आई’सुद्धा नाही. कान तपासून घेतले, तर ते उत्तम.

सासूबाई पैठणजवळच्या गावाहून आल्या की पोपटानं टोचलेला पेरू आठवणीनं आणायच्या.

"पोपटाचं उष्टं दिलं की लेकरू बोलतंय गं. आमच्याकडं समद्यांनाच देत्यात."

"आत्याबाई, राहू द्या तो पेरू!" मी चिडायचे. माझी पाठ वळली की त्या भरवायच्याच.

स्पीच थेरपिस्ट मॅडमचं सांगणं वेगळं. रोज पुस्तक घेऊन बसा, चित्रावर बोट ठेवा, नाव सांगा आणि मग थांबा. "तुम्ही थांबतच नाही हो," त्या म्हणाल्या. "प्रश्नही तुमचा, उत्तरही तुमचंच. तिनं बोलायचं कधी?" खरंच होतं. ती शांतता मला सोसायचीच नाही. मनू गप्प राहिली की वाटायचं... ही कधीच बोलली नाही तर? मग मी आणखी बडबडायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली भर दुपार. सासूबाई गावी, नवरा कामावर. कूलर घरघरत होता. मनूला समोर बसवून मी अंकलिपी उघडली. पुढच्या चित्रात अंगठ्याचा ठसा होता. बोट ठेवलं, म्हटलं, "ठ ठशाचा." आणि ओठ घट्ट मिटून थांबले.

मनू पुस्तकाकडे बघत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं, तशी. तिनं मान हलवली आणि स्वच्छ म्हणाली,

"ठ ठकूचा."

माझ्या लेकीचे पहिले शब्द! मी तिला उचलून नाचायला हवं होतं. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मागं वळायची हिंमत झाली नाही.

ठकू म्हणजे माझी आई. कागदोपत्री रखमाबाई, ठकू हे घरातलं नाव. तिचं लहानपण मेंढरांमागं हिंडण्यात गेलं, शाळा पाहिलीच नाही. सही म्हटलं की अंगठा. मी पहिलीत गेले तेव्हा माझ्याच अंकलिपीवरून ती अक्षरं शिकली. ठ आला की मात्र हटून बसायची. "ठ ठशाचा नाय! लई ठसे दिले म्या. ठ ठकूचा!" माझ्या लग्नाआधीच ती गेली. सासरच्या कुणी तिला पाहिलंही नव्हतं. आणि ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. तिचा विषय निघाला की मी उठून कामाला लागायचे.

"तूच कधीतरी बोलली असशील," नवरा म्हणाला. सासूबाईंनी श्रेय पेरूला दिलं. मॅडम म्हणाल्या, मुलं ऐकलेलं मनात साठवून ठेवतात. अहो, पण ऐकलं कुणाकडून?

मला त्या घरात बसवेना, उठवेना. भांडी घासता घासता मागं वळून बघायचे. त्या दुपारी माझ्या पाठीमागं होती त्या भिंतीला हात लावून पाहायचे. भीती नव्हती ती, खरं सांगू? राग होता. आई आली असेलच, तर पोटच्या लेकीला सोडून नातीशी बोलली?

मनू मात्र हळूहळू बोलू लागली. पाणी, नको, दे... एक दिवस ‘आई’ म्हणाली, तेव्हा मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. पुढं पूर्ण वाक्यं यायला लागली. मग एका सकाळी तिची वेणी घालताना मी हळूच विचारलं,

"मनू, तुला ठ ठकूचा कुणी सांगितलं गं?"

"मला नाही," ती म्हणाली. "ती तुला सांगत होती. तू बघतच नव्हतीस."

आता तिला यातलं काही आठवत नाही. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, फक्त ‘तूच बोलली असशील’ एवढं म्हणू नका. मी नुसतं मागं वळले असते तर... बस, एवढंच डोक्यातून जात नाही.