कोपरा फाडलेलं पत्र घेऊन पाहिलेलं लंडन

लंडनला आम्ही एकवीस दिवस होतो आणि त्यातले बारा दिवस आपल्या घरातलं कोण मेलं आहे, याचा आम्हाला पत्ता नव्हता. कुणीतरी मेलं आहे, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नलूचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मामेभाऊ सुहास लंडनला नोकरी करायचा. बारा वर्षं तो पत्रातून "या, या" म्हणत राहिला आणि तेराव्या वर्षी आम्ही खरोखरच गेलो. (असं काही होईल, हे त्याच्या मनात नसावं. विमानतळावरचा त्याचा चेहरा मला अजून आठवतो.) बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतून परदेशी जाणारे आम्ही पहिलेच, त्यामुळे सहारच्या विमानतळावर पोचवायला इतकी माणसं आली की पोलिसाने विचारलं, "नेता कोण आहे?"

मागे बोरीवलीच्या घरी माझी आई होती. वय एकोणऐंशी आणि जुना दमा. तिच्या सोबतीला माझा भाऊकाका, वडिलांचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. पासपोर्टचे फॉर्म भरण्यापासून सुटकेसला दोरी बांधण्यापर्यंत आमचं सगळं त्यानेच केलं होतं. तिकडे मालाडला नलूचे बाबा, दोन हार्ट अटॅक पचवून बसलेले. आम्हाला मूल नाही. त्याचं मला आयुष्यभर वाईट वाटलं, फक्त त्या बारा दिवसांत बरं वाटलं.

पहिला आठवडा झकास गेला. आठव्या दिवशी सकाळी सुहासने टेबलावर एक निळं एरोग्राम ठेवलं.

"ताई, घरचं पत्र," म्हणाला आणि कामाला निघून गेला.

नलूने हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पत्राचा एक कोपरा फाडलेला होता.

आमच्याकडे कुणी गेल्याचं पत्र असेल, तर पाठवताना त्याचा कोपरा फाडतात. म्हणजे घेणाऱ्याने उघडण्याआधीच काय ते ओळखावं आणि खाली बसून घ्यावं. सुहास बारा वर्षांत हे विसरला होता. आम्ही विसरलो नव्हतो.

"पोस्टात फाटलं असेल," मी म्हटलं.

"पोस्टात इतकं सरळ फाटतं?" नलू म्हणाली. "अहो, कुणाकडचं आहे बघा ना!"

बघणार काय? पाठवणाऱ्याचं नाव नेमकं त्याच कोपऱ्याबरोबर गेलं होतं. पोस्टाच्या शिक्क्यात मुंबई तेवढी दिसत होती. बोरीवली की मालाड, ते शाईच्या डागाखाली होतं. नलूने पत्र उघडायला सुरी घेतली आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात तो विचार आला. माझ्या डोक्यात विचार फार येत नाहीत, आणि आला तर हा आला!

"थांब," मी म्हटलं. "उघडू नकोस."

"का?"

"सुतक कळल्यापासून लागतं. कळलंच नाही, तर लागेल कसं? आज उघडलं तर दहा दिवस इथे सुहासच्या सोफ्यावर बसून काढायचे. आपण पुन्हा कधी येणार आहोत का लंडनला? आणि दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं, तर आपल्याकडे नुसती आंघोळ करतात. गेलेलं माणूस काही परत येत नाही."

नलू माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता सुरी माझ्यावर येणार. पण तिने ती खाली ठेवली, पत्र पर्समध्ये घातलं, चेन लावली आणि म्हणाली, "माझे बाबा असतील, तर मी तुम्हाला जन्मभर माफ करणार नाही."

"आणि माझी आई असली तर?"

"तर तुम्हीच ठरवलंय ना!"

अशा रीतीने आम्ही लंडन बघायला बाहेर पडलो.

आता दुर्दैव असं, की लंडनमध्ये दाखवण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक मेलेल्यांचंच आहे. पहिल्या दिवशी किल्ला पाहिला. तिथला माणूस अभिमानाने सांगत होता, या जागी अमक्या राणीचं मुंडकं उडवलं, त्या जागी तमकीचं. नलू पर्स छातीशी धरून रडायला लागली. माणूस इतका खूश झाला, की त्याने आणखी दोन मुंडकी सांगितली. दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये गेलो, तर समोर ममी! चार हजार वर्षं झाली तरी त्यांचं सुतक सुटलेलं नाही. तिसऱ्या दिवशी मेणाचे पुतळे. एका म्हातारीच्या पुतळ्यापुढे मी पाच मिनिटं उभा होतो. ती कोण होती कुणास ठाऊक, पण बसायची ढब थेट आईची होती. मला तिथून हलवेना, आणि तरी मी घड्याळात बघितलं, कारण बस चुकली असती.

बागेतल्या बाकावर बसून आम्ही सँडविच खायचो आणि माणसं मोजायचो.

"आईला दमा आहे, पण तो तीस वर्षं आहे," मी म्हणायचो. "बाबांचं हृदय..."

"बाबा रोज फिरायला जातात!"

"अगं, तुझ्याकडचं असेल तर सोपं आहे. लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस."

नलूने सँडविच खाली ठेवलं. "म्हणजे तुमचे दिवस वाचावेत म्हणून माझे बाबा जावेत?"

"मी तसं म्हटलं का?"

"नाही म्हटलं तरी तसंच म्हटलं!"

दुसऱ्या दिवशी तिने दम्याने माणूस कसा झटकन जातो, हे मला सविस्तर सांगितलं. मग मी हृदयावर बोललो. मालाडची आत्या, गिरगावातला आतेभाऊ, सगळे आम्ही एकेक करून त्या बाकावर मारले आणि पुन्हा जिवंत केले. आपल्या माणसाचा जीव वाचवायला दुसऱ्याच्या माणसावर बोट दाखवायचं, हा खेळ आम्ही दोघं सुशिक्षित माणसं रोज दुपारी खेळत होतो. बदकं बघत.

सुहासला यातलं काही सांगितलं नव्हतं. तो बिचारा रोज संध्याकाळी म्हणायचा, "ताई, घरी फोन लाव ना. तुमच्या सोसायटीत पाटकरांकडे फोन आहे ना?"

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडायचो.

"अरे, दोन मिनिटं बोला."

"त्यांना उगाच त्रास," नलू म्हणायची आणि पोळी लाटायला पळायची. असे संकोची पाहुणे आयुष्यात पाहिले नाहीत, असं सुहासने नंतर सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

विसाव्या दिवशी खरेदीला गेलो आणि तिथे आमची वाट लागली. आईसाठी शाल घ्यायची होती. नलूने एक करडी शाल उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली.

"घेऊ?"

"घे."

"नसल्या तर?"

"मग तू वापर."

"मी? तुमच्या आईसाठी घेतलेली?" बाबांसाठी पायमोजे घेताना मी तसाच अडकलो. रंग कोणता घ्यावा हे विचारावं आणि विचारू नयेही, असं झालं. विकणारी बाई आळीपाळीने दोघांकडे बघत होती. फक्त भाऊकाकासाठी दाढीचा ब्रश आम्ही बघताक्षणी घेतला. त्याला ब्रश हवाच होता, आणि त्याच्या बाबतीत विचार करण्यासारखं काही नव्हतं.

दुकानाबाहेर येऊन नलू पायरीवर बसली. "मला आता नाही जमत हो," म्हणाली आणि पर्सची चेन उघडली. मी अडवलं नाही. दहा दिवस केव्हाच होऊन गेले होते.

पत्र पाटकरांनी लिहिलं होतं.

'आपले भाऊकाका आपण गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी देवाघरी गेले. दूध घेऊन जिना चढताना छातीत कळ आली. आपल्याला तार करतो असं मी म्हटलं, तर त्यांनी हाताने नको नको केलं. म्हणाले, पोरं पहिल्यांदा गेलीत, फिरून घेऊ देत. शेवटचे शब्द तेच. आपल्या मातोश्री ठीक आहेत. मालाडहून व्याही रोज येऊन बसतात. कळवणं कर्तव्य म्हणून कळवतो, पण येण्याची घाई करू नये, ही काकांचीच इच्छा.'

नलूने दोनदा वाचलं. मग पत्र उलटं करून पत्त्यावर बोट ठेवलं. "अक्षर बघा," म्हणाली.

आमच्या घरची सगळी पत्रं काकाच लिहायचा. गेली वीस वर्षं प्रत्येक पाकिटावर त्याचं ते उजवीकडे कललेलं अक्षर. या पत्रावर ते नव्हतं. बारा दिवस आम्ही फाडलेला कोपरा बघत होतो, पत्त्याचं अक्षर एकदाही पाहिलं नाही. बाकावर बसून अख्खं खानदान मोजलं, त्यात काका एकदाही आला नव्हता. तो सगळ्यांचं करणारा माणूस. त्याला काही होऊ शकतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

त्याच्याकडे मागितलं असतं, तर हे लंडन त्याने हसत दिलं असतं. खरं तर दिलंच होतं. आम्ही मात्र ते चोरून पाहिलं. मी त्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. येणारे जाणारे आम्हाला वळसा घालून जात होते. सुहासच्या बाथरूममध्ये मी शास्त्राप्रमाणे डोक्यावरून आंघोळ केली. पाणी गरम होतं, याचीसुद्धा लाज वाटली.

बोरीवलीला परतलो. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी पत्र मिळालं, असं मी आईला सांगितलं. (खोटं बोलायचंच, तर एकच बोलावं, असं ठरवलं होतं.) भेटायला माणसं येत होती. पुढच्या आठवड्यात सुहासने काढलेले फोटो (कॅमेऱ्यात रोल त्याने पत्र आल्यानंतरच भरला होता) धुऊन आले आणि ते आईच्या हाती लागले. किल्ल्यापुढे आम्ही, राजवाड्यापुढे आम्ही, बदकांपुढे आम्ही. एकूणएक फोटोत दोघांचे चेहरे उतरलेले, नलूचे डोळे सुजलेले.

आई येईल त्याला ते फोटो दाखवायला लागली. "यांना काही ठाऊक नव्हतं हो! शेवटी शेवटी पत्र पोचलं. पण बघा, एका तरी फोटोत हसलेत का? काकावर जीव होता ना. तिकडे सातासमुद्रापार न सांगता कळलं यांना!"

माणसं डोळे पुसायची. असा पुतण्या मिळायला भाग्य लागतं, म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मला मान वर करवत नसे, आणि त्यामुळे प्रकरण आणखीच पक्कं होई. पाटकर हळूच म्हणायचे, "बघा, अजून सावरला नाही."

आमच्या सोसायटीत आदर्श पुतण्या म्हणून आजही माझंच नाव घेतात.