सिंगापूर, बॉबलिंगेनमार्गे

निघताना आईच्या पाया पडलो, तर पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तिकडे दादाची चौकशी कर." दादा म्हणजे माझा मामा. फौजेत होता, सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला, तिथून कुठल्याशा बेटावर नेला गेला, आणि पुढे ना पत्र ना तार. मी म्हटलं, "आई, मी जर्मनीला चाललोय." तर म्हणे, "मग? ते त्यांचेच दोस्त ना?" नव्वदीतल्या बाईशी भूगोलावरून काय हुज्जत घालणार? विचारतो म्हणालो आणि निघालो.

लेकीचं घर बॉबलिंगेनला. जावई निनाद गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. शनिवारी म्हणाला, "बाबा, आमच्या फेराइनमध्ये (नोंदणीकृत मंडळात) चला, मजा येईल." इथे दोघांना एकच छंद निघाला की तिसऱ्याला गाठून मंडळ काढतात. अग्निशमन दलाच्या इमारतीवरचा हॉल, आणि टेबलं जोडून त्यांवर अख्खा पॅसिफिक महासागर पसरलेला. युद्धाचा खेळ. छोट्या बोटी, विमानं, पुठ्ठ्याच्या फौजा. नेमकं त्या दिवशी जपान आजारी होतं. तसं त्याने रीतसर कळवलंही होतं. मग पाहुणा म्हणून जपान माझ्या गळ्यात पडलं.

सिंगापूरच्या चौकोनात एक हिरवा पुठ्ठा होता. त्यावर 'हिंदी ब्रिगेड' लिहिलंय, असं निनाद म्हणाला. म्हणजे आमचा दादाच. ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, सिंगापूरला हात लावायचा नाही. आरमार उत्तरेला धाडलं, पूर्वेला धाडलं, ओसाड बेटं जिंकत सुटलो. पंच होते क्लाउस, निवृत्त पोस्टमन. चष्म्यावरून बघत म्हणाले, "आल्झो (म्हणजे बघा), तिथे फक्त पक्षी राहतात." निनादने भाषांतर केलं. मी म्हटलं, राहू देत. तो बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला.

तेवढ्यात कॉफीची वेळ झाली आणि महायुद्ध केक खायला थांबलं. प्लमचा केक, वर मलई. मला वाढला तोही अमेरिकेने.

केक संपता संपता निनादला पार्किंगची आठवण झाली. "बाबा, वेळ संपतेय, गाडी हलवून येऊ?" त्याच क्षणी क्लाउसनी नकाशावर बोट ठेवून मला विचारलं, "सिंगापूर?"

जावयाला मी अहोजाहोच करतो, म्हणून निनादला म्हटलं, "या, या."

आता जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. तेही मी दोनदा म्हटलेलं. निनाद जिना उतरेपर्यंत फासे पडले, सिंगापूर पडलं आणि हिरवा पुठ्ठा कैदी म्हणून बिस्किटांच्या डब्यात गेला. मी "नाइन, नाइन" (नाही, नाही) करत राहिलो. पण झालेली खेळी मागे घ्यायची पद्धत नव्हती.

निनाद परत आल्यावर त्याला मामाचं सांगितलं. त्याने ते जर्मनमध्ये सांगितलं. क्लाउसनी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडून शेवटपर्यंत चाळलं. कैदी परत येण्याचा नियमच नव्हता. मग त्यांनी कैदी सोडायचा ठराव मांडला. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांचे हात बाजूने वर. विरोधात एकच हात, आमच्या जावयाचा.

"बाबा, वाईट वाटतं हो, पण नियमात बसत नाही."

"गेनाऊ (अगदी बरोबर)," क्लाउस म्हणाले, त्याची पाठ थोपटली आणि डबा उघडला.

पण पुठ्ठा ठेवायचा कुठे? नकाशा कलकत्त्यालाच संपत होता. आमचा सातारा पार टेबलाच्या उघड्या लाकडावर, माझ्या केकच्या बशीखाली येत होता. क्लाउसनी बशी जराशी सरकवली आणि पुठ्ठा तिथे अलगद ठेवला. मला रडू आलं, सरळ सांगतो.

परतीच्या विमानात एकच विचार, आईला काय सांगायचं? पुठ्ठा सुटला, ही काय सांगायची गोष्ट झाली? इतक्या लांब जाऊन माणूस एवढंच घेऊन येतो. तरी घरी पोचल्यावर सगळं सांगितलं, दादा साताऱ्यापर्यंत आला इथपर्यंत. ती म्हणाली, "उपाशी असेल रे. खायला दिलंस का काही?"

"दिलं," मी म्हणालो.

मग ती जेवायला उठली.